बोर्डाच्या भोकातलं कुंकू

वडगावात यंत्रमागाच्या शेडचं वायरिंग एक बाई करते म्हटलं की लोक हसतात. हसू देत. मनिषा तिचं नाव. नवऱ्याच्या मागावर कांड्या भरता भरता बंद पडलेल्या मोटरी उघडून बघायची, त्यातच शिकली. शाळेनं शिकवलं न्हाय. मलाही न्हाय शिकवलं, म्हणून तिला कुणी हसलं की मला झोंबतं.

गणपतीआधी तिनं नागेंद्रच्या शेडात पहिला मोठा बोर्ड बसवला. तो नीट चालला तर गल्लीतल्या बाकीच्या शेडांचं काम तिलाच, असं ठरलेलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी नागेंद्रनं ड्रिलची पिन सॉकेटात घातली आणि फाट्दिशी ठिणगी उडाली.

"बघा! बाईच्या हातचं काम!" तो गल्लीभर ओरडला. माणसं जमली.

माझं डोकं फिरलं. "करंटच वाईट सोडतात रं! चला, वीज ऑफिसवर मोर्चा!"

"आप्पा, दम खावा," मनिषा म्हणाली. "आधी मेन बंद करा."

तिनं बोर्ड खोलला. सॉकेटाच्या भोकांत पिवळी-तांबडी खपली. तिनं ती उकरून हुंगली.

"हळद-कुंकू! खंडेनवमीला बोर्ड कुणी पुजला?"

नागेंद्रची आई जयाबाई पुढं आली. "मी. मागाला लावलं, मोटरीला लावलं, ह्यालाच काय म्हणून उपाशी ठेवायचं? काडीनं तिन्ही भोकांत लावलं. मेन बंद करून हं! खुळी न्हाय मी."

"खुळ्या न्हाय मावशी, लई भाविक. खपलीनं पिन ढिली बसली, म्हणून ठिणगी. आणि नागेंद्रअण्णा, बटण चालू ठेवून पिन खुपसता व्हय?"

नागेंद्र ड्रिलची वायर गुंडाळायला लागला. मी मोर्चाचं नाव सोडलं. वीज ऑफिसशी माझी भांडणं ढीगभर आहेत, पण हे त्यातलं नव्हतं.

तिनं नवं सॉकेट बसवलं. आधी पिन, मग बटण. ड्रिल गुरगुरलं, ठिणगी न्हाय.

जयाबाईनं करंडा आणला. मनिषानं बोर्डाची लाकडी कड दाखवली, "हितं लावा." म्हातारीनं तिथं बोट टेकवलं. मग मनिषाच्या हातातल्या टेस्टरच्या मुठीलाही कुंकू लावलं. "ह्याची पूजा राहिलीच की गं."

शेजारचा रवळू मागून म्हणाला, "माझ्या शेडाचं कधी करतीस?"

"उद्या येते. पण आधी सांगा, तुमच्यात पूजा कोण करतंय?"