शुद्ध मराठी बोलणारी पाहुणी

मराठी भाषेवर आमच्या पाहुणीइतकं जीव तोडून प्रेम केज गावात आजवर कुणी केलं नसेल, आणि भाषेनंही कुणाला इतकं रडवलं नसेल. दूरच्या कुठल्याशा थंड देशातून ती एका संस्थेची स्वयंसेविका म्हणून आली होती. पुढं खेड्यातल्या बालवाडीत काम करायचं, पण त्याआधी काही महिने एखाद्या घरात राहून भाषा आणि रीतभात शिकायची, असं तिचं प्रशिक्षण. ते घर आमचं. तिची उंची अशी, की आमच्या कापडदुकानाच्या चौकटीवर ती रोज कपाळ आपटून घ्यायची आणि वर चौकटीलाच "क्षमा करा" म्हणायची. मराठी सगळी पुस्तकातली. गच्च भरलेल्या जीपमध्ये शेजारच्या फेटेवाल्याला तिनं एकदा विचारलं, "कृपया आपण थोडे सरकाल का?" तो बिचारा गांगरून म्हणाला, "सरकतो की बाई, पर कुठं? भाईर?" सारी जीप हसली. ही सगळ्यांत उशिरा हसली, अर्थ लागल्यावर. जेवणाची तर तऱ्हाच वेगळी. ताटात अन्न टाकू नये, असं तिला शिकवलेलं. आणि ताट रिकामं दिसलं की वाढायचं, हे माझ्या सासूबाईंच्या रक्तातच. दोघी आपापला धर्म निष्ठेनं पाळायच्या. शेवटी एकदा डोळ्यांत पाणी आणून ती म्हणाली, "माझे उदर भरले आहे." सासूबाईंनी मला विचारलं, "कावून रडती गं ही? काय भरलंय म्हणती?"

पण प्रशिक्षणाच्या मध्यावर ती भाषेच्या परीक्षेत नापास झाली, आणि आमचं हसू थांबलं. आणखी एक संधी होती, तरी घरी येऊन तिनं बॅग भरायला घेतली. "मला येथे कुणाचे काही समजत नाही, ताई. मी खेड्यात जाऊन काय करणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या फळवाल्या चाचांची बायको वारली. आम्ही निघालो तशी हीही चपला घालून उभी. "तेथे मी काय बोलायचे?"

"काई बोलायचं न्हाई," सासूबाई म्हणाल्या. "नुस्तं बसायचं."

चाचांच्या लेकीजवळ ती बसली ती दुपार कलेपर्यंत उठली नाही. लेक हिचा हात धरून आईबद्दल सांगत राहिली आणि ही ऐकत राहिली. त्यातलं हिला किती कळलं, देव जाणे. निघताना ती लेकच मला म्हणाली, "सब लोगां समझाते बैठे थे, भाभी. ये अकेली सुनती बैठी." घरी येऊन मी ते पाहुणीला मराठीत सांगितलं. ती उठली आणि बॅगेतले कपडे पुन्हा कपाटात लावायला लागली.

दुसऱ्या खेपेला कशीबशी पास होऊन ती पाटोद्याकडच्या एका खेड्यात गेली. पुढं एकदा मी धपाटे घेऊन तिला पाटोद्याच्या बाजारात गाठायला निघाले. गर्दीत तिचं डोकं लांबूनच दिसलं. चार बायकांच्या घोळक्यात ती भाजीवालीशी भांडत होती, "लई किडकी हायती वांगी, मावशे!" शेजारची बाई तिच्या पाठीत धपका घालून हसली. हाक माझ्या ओठांवर आली होती. पण मी दिसले असते, तर ती त्या घोळक्यातून बाहेर आली असती आणि पुन्हा पाहुणी झाली असती. थोडा वेळ तशीच बघत उभी राहिले आणि केजची एसटी धरली.

धपाटे वाटेत मी आणि शेजारच्या अनोळखी बाईनं मिळून खाल्ले.

"चांगले झालेत की. कुणासाठी केलते?" तिनं विचारलं.

"लेकीसाठी," मी म्हणाले.