पडवळचाचांचा नकाशा

पडवळचाचा चालत्या पंपाला लांब स्क्रूड्रायव्हर टेकवायचे, त्याची मूठ कानाशी धरायचे आणि डोळे मिटायचे. आम्ही बाकीचे फिटर हातातलं काम थांबवून त्यांच्या तोंडाकडे बघत राहायचो. मिनिटभराने डोळे उघडून ते सांगायचे, "खालचं बेअरिंग चाललंय. जुम्म्यापर्यंत काढील." आणि ते जुम्म्यापर्यंतच काढायचं. साहेबाकडे यासाठी खास मशिन होतं, मखमली पेटीत ठेवलेलं. ते लावून बघितलं की साहेब हळूच चाचांनाही विचारून घ्यायचा.

हे मस्कतमधलं. समुद्राचं खारं पाणी गोडं करायच्या कारखान्यात आम्ही होतो. मी पेणजवळच्या जोह्याचा, धाटावच्या कंपनीत फिटरकी शिकून तिकडे गेलेला. चाचा रोह्याच्या पुढे खाडीच्या वाटेवर एक गाव आहे, तिथले. एका खोलीत आठ जण, चार पलंग खाली, चार वर. चाचा उंच, सडसडीत, मान जरा पुढे काढून चालणारे. पण 'पडवळचाचा' हे नाव अंगकाठीवरून पडलं नव्हतं. जेवणाच्या ताटावर बसले की त्यांच्या घरामागच्या बागेचा विषय निघायचा आणि बागेचा विषय पडवळाशिवाय सुरूच व्हायचा नाही. खोलीतल्या एका मलबारी पोराला मराठीचे तीन शब्द येत होते, त्यातला एक पडवळ होता.

त्यांची सगळी अडचण आमच्या कारखान्याच्या वेळापत्रकात होती. उन्हाळ्यात तिकडे पाण्याला मागणी फार, म्हणून यंत्रं खोलून दुरुस्त करायची ती थंडीत आणि त्यापुढच्या दोन महिन्यांत. त्याला शटडाऊन म्हणायचे. त्या दिवसांत लग्न किंवा मयत याखेरीज कुणाला सोडत नसत. मग चाचांची सुट्टी यायची ती भर पावसात, पोरींची लग्नंही तेव्हाच उरकलेली. तेव्हा घरामागे गुडघाभर गवत आणि चिखल. आपल्याकडे परसाची बाग खरी होते ती भातं निघाल्यावर, विहिरीच्या पाण्यावर, शिमग्याच्या सुमाराला. सोळा वर्षं चाचांनी आपली बाग शिमग्यात पाहिली नव्हती. "घर बांधून झालं, पोरी उजवल्या," ते म्हणायचे, "आता एक शिमगा बागेत काढला की मी मोकळा." हे ते हसत म्हणायचे.

बाग मात्र ते दरसाल लावायचे. मस्कतमधूनच. दिवाळीच्या आसपास हवा जरा निवली की स्टोअरमधून एखादं रिकामं खोकं आणून ते उलगडायचे आणि त्या पुठ्ठ्यावर सुतारी पेन्सिलीने नकाशा काढायला बसायचे. मापं सगळी पावलांची. पावसाळ्यातल्या सुट्टीत चिखलातून चालून त्यांनी ती मोजून ठेवलेली असायची. विहिरीपासून सहा पावलं सोडून पडवळाचा मांडव. मांडवापासून चार पावलांवर कारली. मग भेंडी, मग वांगी, मिरची त्यांच्या आडोशाला. शेवटची ओळ चवळीची, की संपली बाग, पुढे कुंपण. एकेका ओळीसाठी दोन दोन शुक्रवार जायचे. गेल्या साली वांगी कुठे होती, यंदा तिथे का नकोत, सकाळचं ऊन कुणाला आणि दुपारचं कुणाला, सगळा विचार. मी एकदा चेष्टेने म्हणालो, "चाचा, एवढ्या वेळात तर भेंडी शिजून झाली असती." ते म्हणाले, "अरे पेणकर, तुमच्या जोह्यात माती म्हंजे गणपतीची. साच्यात घातली की झाला देव. आमच्या मातीला इचारायला लागतं." मी पेणकडचा म्हणून त्यांच्या लेखी कायम पेणकरच होतो.

नकाशा तयार झाला की गावी जाणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेत जायचा आणि सोबत कॅसेट. तेव्हा घरोघर फोन नव्हते. आखातातली माणसं टेपरेकॉर्डरवर बोलून कॅसेट धाडायची आणि घरून उलट कॅसेट यायची. चाचींची कॅसेट आली की चाचा शुक्रवारी दुपारी ती लावायचे. चाची घरात बसून बोलत नसत. टेप विहिरीच्या कट्ट्यावर ठेवायच्या आणि पाणी काढत, झाडांना घालत, मोठ्याने बोलत फिरायच्या. पोरींची खुशाली, शेजाऱ्याची म्हैस, मशिदीचा नवा भोंगा, असं सगळं त्यात यायचं. आम्हाला वाटायचं, चाचा बायकोचा आवाज ऐकतायत. ते तोही ऐकत असतीलच, पण डोळे मिटलेले आणि मान तशीच कललेली, पंपाजवळ असायची तशी.

एकदा कॅसेट बंद करून ते म्हणाले, "इहिरीचं पाणी दोन हात खाली गेलंय." चाचींनी पाण्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं, आम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं. मी म्हणालो, "कशावरून?" त्यांनी कॅसेट मागे फिरवली. चाचींच्या बोलण्यामागे रहाट कुरकुरत होता. "मोज," म्हणाले. मी मोजलं. पंधराव्या कुरकुरीला बादली वर आली. "गेल्या साली या दिवसांत बारा होत्या. यंदा काकडी नको लावू म्हणून सांगायला पायजे." दोन देशांमध्ये सगळा समुद्र पसरलेला, आणि हा माणूस खोलीतल्या पलंगावर बसून आपल्या विहिरीत डोकावून आला होता.

त्यांच्या उलट कॅसेटमध्ये 'नको' फार असायचं. चाची विचारायच्या, कलिंगड लावू काय? चाचा सांगायचे, "नको गो. कलिंगड पानी खातो." टोमॅटो? "नको. बाजारात मिळतो." मका? "नको, पोपट येतील." एकदा त्यांनी झेंडूचं विचारलं, तर चाचा म्हणाले, "झेंडू काय खायचाय?" खोलीतली पोरं हसायची. मला चाचींची दया यायची. हा माणूस तिकडून हुकूम सोडतो आणि ती बिचारी ओळीने लावत बसते, असं माझं मत होतं.

मग माझ्या बहिणीचं लग्न ठरलं आणि मला शटडाऊनमधून तीन आठवडे सुट्टी मिळाली, नेमकी फाल्गुनात. चाचांना ते कळलं तेव्हा ते पलंगावर उठून बसले. "म्हंजे तू बघणार," एवढंच म्हणाले. त्यांच्या आवाजात हेवा होता. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठ्या माणसाला माझा हेवा वाटावा असं आयुष्यात तेवढं एकदाच घडलं.

लग्न उरकल्यावर मी एसटीने रोह्याला आणि तिथून रिक्षाने त्यांच्या गावी गेलो. चाची ठेंगण्या, बोलक्या, डोक्यावरचा पदर सारखा नीट करणाऱ्या. "या भाऊ, या. तुमचा आवाज कॅसेटीत खोकताना ऐकलाय," म्हणाल्या. चहा झाल्यावर मला मागे घेऊन गेल्या आणि मी जागच्या जागी थांबलो. मला ती बाग येत होती. पाठ असलेली कविता यावी तशी. न विचारता मी उजवीकडे वळलो, तिथे पडवळाचा मांडव होता, सरळ वाढावीत म्हणून टोकांना दगड बांधलेली पडवळं लोंबत होती. मग कारली. मग भेंडी. वांग्यांच्या आडोशाला मिरची. उभ्या जन्मात माझ्या हाताने कोथिंबिरीची काडी उगवलेली नाही, पण त्या परसात मी डोळे मिटून फिरलो असतो.

चवळीच्या ओळीपाशी मी संपलो आणि बाग संपली नव्हती. पुढे कुंपणापर्यंत चांगली रुंद पट्टी होती आणि ती नुसती उतू जात होती. काळी हिरवी कलिंगडं पेंढ्यावर बसलेली. काठ्यांना बांधलेले टोमॅटो. मक्याची रांग, कणसांना जुन्या कपड्यांच्या टोप्या घातलेल्या. पुदिना. आणि कडेने झेंडूच झेंडू, डोळ्यांवर येणारा.

"हे नकाशात नाही," मी म्हणालो.

चाचींनी पदर सारखा केला. "त्यांची पावलं लांब, भाऊ. माझी आखूड. त्यांची सहा म्हंजे माझी आठ. पैल्या साली मी माझ्या पावलांनी मोजून लावलं तर बाग आधीच संपली आणि एवढी जागा उरली. म्हटलं, उरलं ते माझं. ते नको म्हणतात ते सगळं मी हितं लावते." मग हळूच म्हणाल्या, "त्यांना सांगू नका हां. तिकडं बसून एवढं काढतात. त्यांना वाटंल, मी ऐकलं नाय." निघताना त्यांनी मला एक कलिंगड दिलं. मी ते जोह्याला घरी नेलं. तसं कलिंगड मी परत खाल्लेलं नाही.

मस्कतला पोचलो तर चाचा माझ्या पलंगावरच बसले होते. एकेक ओळ विचारून घेतली. पडवळाला दगड केवढे बांधलेत, भेंडी कमरेला लागते की गुडघ्याला. मी सांगत गेलो. चवळीही सांगून झाली.

"आणि तिच्या पलीकडं?" चाचांनी विचारलं.

"पलीकडं कुंपण," मी म्हणालो. खोटं बोलताना माझे कान गरम होतात, तसे झाले.

चाचा हसायला लागले. "बरं केलंस. सांगू नको." मग त्यांनी चाचींची जुनी कॅसेट लावली आणि बोट वर करून मला ऐकायला लावलं. चाची बोलत बोलत विहिरीपासून लांब जात होत्या, आवाज बारीक होत होता. "हा मांडव," चाचा म्हणाले. "ही भेंडी. ही चवळी." आवाज आणखी बारीक झाला, जवळजवळ ऐकू येईनासा, आणि मग लांब कुठेतरी पाणी पडल्याचा आवाज आला. "दरसाल ती चवळीच्या पुढं जाते. दहा वर्सं ऐकतोय. तिथं काय तरी हाय आणि ते माजं नाय."

मी म्हणालो, "मग विचारलं का नाही?"

"इचारलं तर ती काढून टाकील," ते म्हणाले. "आणि पावसात मी जातो तवा नुसतं गवत असतं. मला ते बघायचंय रे, पेणकर. माजी बाग मला ठाव हाय. तिची बघायचीय."

त्या वेळी मला कळलं की शिमगा शिमगा म्हणून हा माणूस जे इतकी वर्षं मागतोय ते आपल्या पडवळांसाठी नाही. पंपातलं बेअरिंग ओळखणं ही कला झाली, ती शिकताही येते. पण एवढं ऐकू येऊन गप्प राहणं मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि पुढे माझ्या संसारात मला त्याचीच गरज सगळ्यात जास्त पडली.

मी त्यानंतर दोन वर्षांनी परत आलो, पुन्हा धाटावला लागलो, रोह्यात खोली घेतली. चाचांनी मागाहून नोकरी सोडली आणि तीही भर शटडाऊनमध्ये. साहेब म्हणाला, एवढं काम संपवून जा, दोन महिन्यांचा प्रश्न आहे. चाचा म्हणाले, "साहेब, शटडाऊन दरसाल येतो." हे मला तिथल्या एकाने कळवलं. घरी आल्यावर त्यांना चार शिमगे मिळाले. पाचव्याच्या आधी, थंडीत, ते गेले. मी दफनाला गेलो होतो. परतताना घरामागच्या बागेकडे नजर टाकायचं माझ्याने झालं नाही.

पण त्यातला पहिला शिमगा मी पाहिला. रोह्याच्या स्टँडवर त्यांना उतरवून घ्यायला मीच गेलो होतो. घरी पोचल्यावर पोरी, जावई, नातवंडं, सगळ्यांना भेटून झालं, पाणी पिऊन झालं आणि ते उठून मागच्या दारी गेले. मांडवाखालून गेले तर मान लववली, पण पडवळाकडे पाहिलं नाही. भेंडी, वांगी, सगळं मागे टाकत सरळ चवळीच्या ओळीपर्यंत गेले आणि तिथे चपला काढून उभे राहिले. चाची हातात बादली घेऊन लगबगीने मागे आल्या. त्यांचा चेहरा उतरला होता.

"इथून पुढं मला ठाव नाय," चाचा म्हणाले. "दाखीव."

चाची बादली घेऊनच पुढे झाल्या. मग त्यांनी सुरुवात केली. हा टोमॅटो. तुम्ही नको म्हणालात. हा मका, पोपट येतात, पण थोडाच खातात. हा पुदिना. चाचा प्रत्येक झाडापाशी थांबत होते, पान उलटून बघत होते, नव्या गावात आलेल्या माणसासारखे विचारत होते, हे कधी लावलंस, याला पाणी किती. कलिंगडांपाशी ते खाली बसले आणि एकावर तळहात ठेवून तसेच राहिले. चाची बोलत होत्या, बोलत होत्या. दहा-बारा वर्षांची बाग त्यांना एका दमात सांगायची होती.

सगळं बघून झाल्यावर चाचा म्हणाले, "पुढच्या साली नकाशा तू काढ."

चाची हसल्या. "मला कशाला हवा नकाशा? मी तर हितंच असते."

त्यांनी हे साधेपणाने म्हटलं, त्यात टोमणा नव्हता. मग चाचांनी त्यांच्या हातातली बादली घेतली आणि पाणी आणायला विहिरीवर गेले.