बिनघंटेची बोट

कप्तान हे काही त्याचं खरं पद नव्हे. पगाराच्या कागदावर तो साधा बोटचालक. पण रोज या काठावरची माणसं त्या काठाला नेणाऱ्याला कुणीतरी कधीतरी थट्टेने कप्तान म्हटलं आणि ते नाव असं चिकटलं, की सख्खी बहीणसुद्धा फोनवर "काय कप्तान, जेवलात का?" असंच विचारायला लागली. जेवलेला असायचा तो. शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत, एकटाच, भिंतीकडे तोंड करून. लग्न राहून गेलं ते गेलंच.

जुन्या लाँचवर दोन माणसं लागत. वर चाक धरायला कप्तान आणि खाली इंजिनापाशी पाताळराव. हेही टोपणनावच. दिवसभर त्या तेलकट, तापलेल्या खोलीत बसणाऱ्या माणसाला लोक दुसरं काय म्हणणार? गंमत अशी, की चाक धरणाऱ्याच्या हाती इंजिन नव्हतं आणि इंजिन चालवणाऱ्याला नदी दिसत नव्हती. आंधळ्या-पांगळ्याची जोडी म्हणा हवं तर. दोघांच्या मधे एक घंटा. कप्तानच्या डोक्यावर दोरी लोंबकळायची, ती ओढली की खाली घंटा वाजायची. एक ठोका म्हणजे पुढे, दोन म्हणजे न्यूट्रल, तीन म्हणजे मागे. घंटा कानावर पडली की पाताळराव हातातला पाना पाइपवर आपटून एक ठक्क द्यायचा, म्हणजे 'ऐकलं रे बाबा', आणि मग गियर बदलायचा. ती ठक्क आल्याशिवाय कप्तान पुढचं काही करायचा नाही. उत्तराची वाट बघायची, हा त्यांचा नियमच.

आता या घंटेवर माणसं किती बोलू शकतात, तुम्हाला खोटं वाटेल. धक्क्याला लावताना कप्तानचा अंदाज चुकला आणि त्याने पुढे-मागे, पुढे-मागे चालवलं, की खालून येणारी ठक्क जरा जोरात यायची. ती पाताळरावची शिवी. दुपारी कधी उगाचच कप्तान दोरीला बोट लावून हलकीशी टिंग करायचा. खालून तशीच हलकी ठक्क. तिचा अर्थ काहीच नव्हता. आहेस ना? आहे. एवढंच. बहीण म्हणायची, "तुला बायको कशी मिळणार? तू त्या पाताळातल्या माणसाबरोबर संसार मांडून बसलायस." कप्तान हसायचा, कारण बोलणं अगदीच खोटं नव्हतं.

मग नवी बोट आली. पांढरीशुभ्र, फायबरची, पुढे काचेची केबिन. चाकाच्या उजवीकडे एकच दांडा. सरळ उभा असला की न्यूट्रल, पुढे ढकलला की पुढे, मागे ओढला की मागे. घंटा नाही, दोरी नाही, खालची खोली नाही. एका माणसात काम भागतं म्हटल्यावर ऑफिसने पाताळरावला मुदतीआधीच निरोप दिला. तो कुणाशी भांडला नाही. डबा उचलला आणि गेला. कप्तानशीसुद्धा धड बोलला नाही.

कप्तानला ते लागलं, फार लागलं. बोट काय त्याने मागवली होती? पण राग काढायला ऑफिस कुठे सापडतं. त्यात पाताळरावची लेक दिलेली पलीकडच्या काठाला. तिच्याकडे जायला बोटीने पंधरा मिनिटं, पण हा गडी पुलावरून वळसा घालून जाणाऱ्या बसने तासभर हाडं खिळखिळी करून घ्यायचा. लोकही असे भोचक, की मुद्दाम येऊन सांगायचे, "आज पाताळराव बसमध्ये भेटला हं." कप्तान "बरं" म्हणायचा आणि काच पुसायला घ्यायचा. पुसून पुसून काच झिजायची वेळ आली. एकदा, फक्त एकदा पाताळरावने या बोटीत येऊन बसावं, एवढीच त्याची इच्छा होती. बसला की सगळं पूर्वीसारखं होईल असं त्याला वाटायचं.

नवी बोट शिकवायला एक बाई आल्या होत्या. चुणचुणीत, पण शिकवायच्या मनापासून. "काका, ही लाल दोरी आधी मनगटाला. तुम्ही पाण्यात पडलात तर दोरी सुटते आणि इंजिन जागच्या जागी बंद होतं. पुढून एकदम मागे जायचं नाही, दांडा आधी न्यूट्रलला आणायचा, क्षणभर थांबायचं, मग मागे. आणि हे बटण क्रूझ कंट्रोलचं. मोकळ्या पाण्यात दाबलंत की बोट तोच वेग धरून ठेवते. पण नुसता वेग. समोर तुम्हीच बघायचं, चाक तुमच्याच हातात. धक्का जवळ आला, दुसरी होडी दिसली, धुकं असलं, तर बटण वापरायचं नाही. दांडा मागे घेतलात की ते आपोआप सुटतं."

कप्तानने सगळं नीट शिकून घेतलं. बाईंनी शाबासकीसुद्धा दिली. चूक अशी एकही होत नव्हती. पण नदीच्या मध्यावर, बटण दाबून बोट एका सुरात निघाली, की केबिनमधे इतकं शांत व्हायचं, की तो घसा खाकरायचा, केवळ कुणाचातरी आवाज यावा म्हणून. मागे प्रवासी असायचे, नाही असं नाही. पण ते आपापल्या फोनमधे डोकं घालून. बाईंनी त्याला इंजिन चालवायला शिकवलं. शेजारी माणूस नसताना दिवस कसा काढायचा, ते त्या बिचाऱ्या कुठून शिकवणार.

आणि एका दुपारी पुलाचं काम निघालं. बस बंद. कप्तान बोटीचे दोर तपासत होता, तर धक्क्यावर पाताळराव उभा. हातात कापडी पिशवी, पिशवीतून डोकावणारा नातवासाठी घेतलेला लाकडी ट्रक.

"जागा आहे का?" त्याने विचारलं. जणू परक्या माणसाला.

"तुला नसेल तर कुणाला असेल? इथे बस, माझ्या मागे," कप्तान म्हणाला. आणि तो दोर सोडायला वाकला.

बोटीत दोन बायका आणि एक सायकलवाला, एवढेच उतारू. कप्तानने लाल दोरी मनगटाला अडकवली, दांडा हळूच पुढे केला आणि धक्का अगदी अलगद सोडला. नव्या नवरदेवासारखा मिरवत होता म्हणा ना. मोकळं पाणी लागताच त्याने बटण दाबलं आणि मान वळवली.

"आवाज कसा वाटतो इंजिनाचा?"

"ठीक आहे." पाताळराव जरा थांबून म्हणाला, "आवाजच नाही म्हणा."

"तेच तर. तू रोज इथे बसायला हवास, मी सांगतो तुला—"

सांगत बसला तो. किती दिवसांचं साचलेलं. अमक्याचं काय झालं, तमका कसा पडला, बहीण काय म्हणाली. चाकावर हात होता, पण नजर मागे. आणि बोटीने तर कबूल केल्याप्रमाणे वेग धरून ठेवलेला. शेवटी पाताळराव हसला. तो हसलेला बघून कप्तानला जे वाटलं ते सांगता येण्यासारखं नाही.

नदीच्या मधे एक वाळूचं बेट आहे, गवताने भरलेलं. त्याच्या आडून एक होडी बाहेर आली. वल्हं मारणारा म्हातारा बोटीकडे पाठ करून बसलेला. एक बाई ओरडली तेव्हा कप्तानने समोर पाहिलं.

आणि त्याचा उजवा हात वर गेला.

वर काही नव्हतं. पांढरं छत. त्या हाताने हवेत तीन झटके दिले, खणखणीत, आणि तो तसाच थांबला. उत्तराची वाट बघत. दांडा तिथे कोपरापाशी, लाल दोरी डाव्या मनगटाला लोंबकळते आहे, ती हिसडली असती तरी इंजिन बंद पडलं असतं. पण डोक्यातच नाही. त्याने मागायचं ते मागितलं होतं, आता खालून ठक्क यायची होती.

पाताळराव पिशवी टाकून झेपावला. कप्तानचा वरचा हात धरून त्याने दांड्यावर आणला आणि दोघांच्या हातांनी दांडा ओढला. मधे आला, एक श्वास थांबला, मग मागे. बोट गचका देऊन थरथरली, कप्तानने डाव्या हाताने चाक फिरवलं, आणि होडी वल्ह्याच्या अंतरावरून बाजूने निघून गेली. म्हाताऱ्याने वळून पाहिलं. "डोळे गहाण टाकलेत का रे?" तो म्हणाला. बरोबरच म्हणाला.

उरलेलं पाणी कप्तानने समोर बघत कापलं. पलीकडचा धक्का आल्यावर उतारू कप्तानकडे न बघता उतरले. पाताळरावने पिशवी उचलली. ट्रकचं एक चाक निखळलं होतं, ते शोधून त्याने खिशात घातलं.

"पाचच्या फेरीला ये," कप्तान म्हणाला. "आता नाही वळणार मी मागे. शप्पथ."

"नाही रे."

"रागावलास?"

"रागावलो होतो. बोटीवर. तुझ्यावरसुद्धा, उगाचच." पाताळरावने नदीकडे पाहिलं. "तू दोरी ओढायचास ते मी कधी पाहिलं नव्हतं. आयुष्यभर ऐकलं फक्त. आज पाहिलं."

"सवय आहे. जाईल."

"रोज वर जातो हात?"

कप्तानने आठवून पाहिलं. बाईंसमोर नाही, नंतरही नाही. "नाही. आजच."

"मग तेच म्हणतो मी. मी मागे बसलो म्हणून गेला तो. माझ्या भरवशावर." त्याने कप्तानच्या दंडाला हात लावला. "ती बोट एकट्याने चालवायची आहे, लेका. मी आत असलो की तू एकटा राहत नाहीस. माणसं बसतात त्यात, त्यांचा जीव तुझ्या हातात."

"आणि तू परत जाणार कसा? पूल बंद आहे."

"राहीन लेकीकडे. पूल काय कायमचा बंद असतो?"

तो चढण चढून गेला. कप्तान बघत राहिला. मित्र रागावलेला नाही हे कळलं, आणि तो कधीच येणार नाही हेही त्याच दमात कळलं. राग असता तर कधीतरी निवळला असता.

पाचच्या फेरीला पलीकडच्या धक्क्यावर बोट भरली. कप्तानने दोरी मनगटाला लावली, इंजिन सुरू केलं आणि दांडा न्यूट्रलला ठेवून तो चढणीकडे बघत बसला. पाच वाजून गेले. मागून परत निघालेल्या सायकलवाल्याने विचारलं, "कप्तान, कुणी यायचंय का अजून?"

"नाही," कप्तान म्हणाला, "सगळे आले," आणि त्याने दांडा पुढे केला.