यादी प्रमिलाकाकीने बिघडवली नाही

प्रमिला मेतर. आमच्या वाडीची प्रमिलाकाकी. गेल्या वर्षी, जनसुनावणीच्या आदल्या मंगळवारी, सकाळी साडेदहाला, समितीच्या खोलीत सगळ्यांसमोर मी तिचा घात केला. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — समितीला नाही, आईलाही नाही.

तुम्ही मला ओळखता ते माझ्या पत्रकांवरून. ‘जाब विचारा’, ‘खोटं खपवून घेऊ नका’ — ही वाक्यं माझीच. कचेरीतल्या साहेबाने एक तारीख चुकीची सांगितली, तर मी त्याची चौकात अब्रू काढतो. मग माझं काय करायचं?

तोंडवलीच्या अलीकडे आमची वाडी. आमची होड्या ओढायची जागा कुंपणात घेऊन तिथे रिसॉर्ट होणार होतं, म्हणून समिती झाली. समितीकडे एक जुना डेस्कटॉप. दीड महिना काकी रोज त्याच्यापुढे बसली. म्हातारे होडीवाले, मासे विकणाऱ्या बायका बोलायच्या — कुणाची होडी कधीपासून तिथे लागते, कुणाचं जाळं कुठे वाळतं — आणि काकी शब्द न् शब्द टाईप करायची. कागदावर काहीच नव्हतं. सगळी यादी त्या एका फाईलमध्ये. रोज काम संपलं की ती पेनड्राईव्हवर कॉपी घ्यायची, जुनीच्या जागी नवी. कुणी सांगितलेलं नसताना.

आणि मला काय हवं होतं? वेग. माझी पत्रकं त्या मशीनवर रखडायची. फोटो टाकला की पडदा गोठायचा. आत दोन जीबीची एकच रॅम. म्हणून सुनावणीला दहा दिवस असताना कसालच्या एका दुरुस्तीवाल्याकडून, बंद पडलेल्या मशीनमधली चार जीबीची रॅम आणली. तो म्हणाला होता, “दोनाबरोबर चार चलता रे, पण ह्यो तुकडो दुसऱ्या बनावटीचो, स्पीड वेगळो. लावलंस तर पयली टेस्ट चालव. तवसर मशीन कामाक घेव नको, नायतर फायली बिघडतत.”

मी मान डोलावली. टेस्ट केली नाही. पडद्यावर सहा जीबी दिसले — मला तेवढं पुरलं.

तिसऱ्या दिवशी काकी म्हणाली, “झिला, ह्या मशीन मधीच निळा होता आणि बंद पडता.” मी म्हणालो, जरा जपून वापरा. कारण मला कळलं होतं की नाही? कळलं होतं. पहिल्यांदा पडदा निळा झाला तेव्हाच कळलं होतं. पण रॅम काढायची तर मीच चुकलो हे कबूल करायचं. आणि माझं पत्रक अजून अर्धं व्हायचं होतं.

मंगळवारी फाईल उघडली नाही. पेनड्राईव्हवरचीही नाही. मशीनने जे बिघडवून सेव्ह केलं, तेच काकीने इमानाने कॉपी केलेलं. सगळी समिती माझ्याकडे बघू लागली — संगणकातलं मलाच कळतं ना.

मी म्हणालो, “मशीन ठीक आहे. दोन्हीकडची फाईल बिघडली, म्हणजे कुणीतरी बिघडवलीय.”

इथेच थांबलो असतो तर? नाही थांबलो. काकीचा भाचा रिसॉर्टवाल्यांच्या ऑफिसात लागलेला, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी फक्त विचारलं, “काकी, तुमचो भाचो सध्या खंय आसता?”

बस्स. पुढचं काम खोलीने केलं.

ती उठून माझ्याजवळ आली. “झिला, तू मशीन उघडलेलंस मां? मियां बघलंय. तेवढाच सांग सगळ्यांका. माका दुसरा काय नको.”

मी तिला पुस्तकी मराठीत उत्तर दिलं. “तांत्रिक बाबींची माहिती नसताना आपण बोलू नये.” आपण! वाडीत असं कोण कुणाशी बोलतं? कचेरीतले आम्हाला गप्प करताना असं बोलतात. मागून कुणीतरी ओरडलं, “काकी, कंप्युटर म्हंजे बांगडो न्हय, कापून बगूक!” खोली हसली. मीही हसलो.

दुपारी दार लावून ती रॅम काढली. मशीन लगेच सुरळीत. शंकेलाही जागा उरली नाही. मग त्याच मशीनवर मी पत्रक केलं — ‘घरभेद्यांना ओळखा’. त्यात नाव नव्हतं. गरज होती का?

सुनावणीत आम्ही रिकाम्या हातांनी उभे राहिलो. जागेला कुंपण बसलं. त्यानंतर देवळात गाऱ्हाणं घातलं गेलं. “बा देवा म्हाराजा, जेणी कोणी ह्या वाडीचा वाईट केला असात, तेका तू सोडू नको रे म्हाराजा!” आणि सगळ्यांनी म्हटलं, “व्हय म्हाराजा!” माझा आवाज सगळ्यांत मोठा होता. काकी खांबाजवळ उभी होती. तीही म्हणाली. हळू. माझ्याकडे न बघता.

रापण, म्हणजे समुद्रात टाकलेलं मोठं जाळं, दोराने किनाऱ्यावर ओढायला जो हात लावील त्याला माशांचा वाटा, ही आमची रीत. म्हातारी असो, पाहुणा असो. तेव्हापासून काकी दोराजवळ आली की माणसं सरकून एकमेकांना चिकटतात. भांडण नाही, शिवी नाही, फक्त जागा नाही. ती थोडा वेळ उभी राहते, टोपली काखेत मारते आणि घरी जाते. मी हे बघतो. माझे हात दोरावर असतात.

मी घाबरलो होतो असं लिहिता आलं असतं. खोटं आहे ते. मला माझं नाव स्वच्छ हवं होतं, आणि डाग पुसायला तिचं हाताशी होतं.

माफ करू नका. हा कागद वाचून घडी घालून ठेवूही नका. वाडीतले असाल तर उद्या सकाळी प्रमिलाकाकीच्या दारात जा, तिला नावाने हाक मारा, दोरावर घेऊन या. जागा कमी पडली तर मला ढकला.