भट्टी बंद होती म्हणे

आमच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतली ती आग माझ्या डोक्यातून अजून गेलेली नाही. लोखंड वितळवून ओतणाऱ्या एका फौंड्रीला आग लागली, अग्निशमन दलाने पाणी मारलं आणि आत मोठा स्फोट होऊन एक जवान भाजला. पोलीस तपास माझ्याकडे होता. मालकाने जबाब दिला की भट्टी दुरुस्तीसाठी बंद होती, आत तेलाचा ड्रम होता आणि जवानाने काही न विचारता त्यावर पाणी मारलं. झालं, चूक जवानाची! त्याच्यावर खातेनिहाय चौकशी लागली, नोकरी टांगणीला.

मालक फार गोड बोलायचा. अशा माणसाचा मला पहिल्यापासून संशय येतो. त्यात कामगारांचे जबाब शब्दाला शब्द जुळत होते. खरं बोलणारी माणसं थोडी तरी चुकतात.

एके दिवशी जवळच्या किराणा दुकानातल्या आक्कांनी मला हाक मारली.

"साहेब, भट्टी बंद हुती म्हनत्यात. मग त्या दिवशी सकाळी माझ्याकडनं गूळ कशाला नेला?"

आमच्याकडच्या फौंड्रीत लोखंडाचा तापलेला रस ओतायच्या दिवशीच कामगारांना गूळ वाटतात. त्याने घशातली धूळ जाते म्हणे. भट्टी बंद असताना गूळ कुणाला हवा?

भट्टीवर काम करणाऱ्या, जवळच्या पिरनवाडी गावच्या एका कामगाराला ठाण्यात बोलावलं. चहा दिला, इकडचं तिकडचं बोललो.

"त्या दिवशी गूळ मिळाला का रं?"

"व्हय की," तो बोलून गेला आणि त्याचा चेहराच उतरला.

तो रडायलाच लागला. "भट्टीत रस हुता साहेब. दुरुस्तीशिवाय भट्टी लावू नका म्हणून सरकारी नोटीस आलती, तरी लावली. त्या जवानानं इचारलतं, भट्टीत काय हाय का म्हणून. मालकच म्हनले, रिकामी हाय, मारा पानी. नंतर आमास्नी दम दिला, तोंड उघडलं तर काम गेलं."

तापलेल्या रसावर पाणी पडलं की स्फोट होतो, हे फौंड्रीवाल्याला सांगावं लागत नाही. नोटीस मोडल्याचं झाकायला त्याने माणूस मरणाच्या तोंडी दिला. माझं रक्त खवळलं. त्याच दिवशी त्याला अटक केली.

दवाखान्यात जवानाने पहिलं हेच विचारलं, "साहेब, मी इचारलतो. लिवलंय न्हवं ते?" आमच्या सीमाभागात ठाण्याचं कामकाज कन्नडमध्ये चालतं, त्यामुळे कामगाराचा जबाबही कन्नडमध्ये होता. मी त्याला तो मराठीत सांगितला. जवानाने विचारलं होतं, तेवढंच वाक्य त्याने पुन्हा सांगायला लावलं.

पुढे आगीच्या प्रत्येक तपासात माझा पहिला प्रश्न ठरलेला असे: आत काय आहे हे जवानांना कुणी सांगितलं? परक्याच्या शब्दावर विसंबून ही माणसं आगीत शिरतात. या जवानाची चौकशी मिटली, नोकरी राहिली. उजव्या हाताची मूठ मात्र त्याला आजही वळता येत नाही.