मागच्या भिंतीवर बाबा

खालापूर तालुक्यातल्या आमच्या शाळेतल्या मुलांची घरून मोबाइलवर चाचणी घ्यायची असली, की मी आधी सांगते, "तुमच्या मागच्या भिंतीवर काय आहे ते दाखवा." मुलं हसतात. "मॅडम, कॅलेंडर!" "मॅडम, पाल!" मला हसू येत नाही.

कॉलेजं बंद होती त्या काळात माझी पदवीची शेवटची परीक्षा घरी बसून द्यायची होती. घर म्हणजे भिवपुरीजवळच्या गावात एक खोली आणि पुढे ओटा. आमच्या घरात तोवर कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. मोबाइल ताईचा. ती खोपोलीला कामाला जायची. परीक्षेपुरता तिनं तो माझ्यापाशी ठेवला आणि स्वतः फोनशिवाय जायला लागली.

नियम कडक होते. मोबाइलचा कॅमेरा आपल्यावर नजर ठेवणार. चेहरा चौकटीबाहेर गेला, बोलण्याचा आवाज आला किंवा दुसरं माणूस दिसलं, तर ताकीद. तिसऱ्या ताकिदीला पेपर आपोआप बंद, म्हणजे नापास. मला आणखी एक वर्ष शिकवणं ताईला झेपणार नव्हतं. ती तसं कधी बोलली नाही, पण मला माहीत होतं.

आईला मी सगळं समजावलं. ती ओट्यावर ठाण मांडून बसली. शेजारची काकू आलीच.

"काय गं, आज दार राखतीस?"

"पोरीची परीक्षा हाय. आत कोण नाय जायचं. मी बी नाय."

"आनि मांजर?"

"मांजर बी नाय. मोबाइल बघतोय."

आदल्या संध्याकाळची सराव चाचणी नीट झाली होती. तशीच मी जमिनीवर, भिंतीकडे पाठ करून बसले. समोर स्टुलावर डाळीच्या डब्याला टेकवलेला मोबाइल. निम्मा पेपर सुरळीत गेला आणि लाइट गेली. ओट्यावरून भिवपुरीच्या वीजघराचे मोठाले पाइप दिसतात, तरी आमच्याकडची लाइट जाते, याचं आम्हाला काही नवल नव्हतं. नेट चालू होतं. मी पुढचा प्रश्न वाचायला घेतला, तेवढ्यात लाल पट्टी आली. एकापेक्षा जास्त व्यक्ती दिसत आहेत. पहिली ताकीद.

मी दचकून मागे पाहिलं. मागे कुणीच नव्हतं. पुन्हा समोर वळेपर्यंत दुसरी पट्टी आलेली. चेहरा दिसत नाही.

आता एकच उरली होती. पडद्याच्या कोपऱ्यात माझं लहानसं चित्र दिसायचं, तिकडे माझी नजर गेली. माझ्या डोक्याच्या जरा वर बाबा होते.

भिंतीवरचा बाबांचा फोटो. मी बारावीत असताना ते गेले. वीजघराच्या कॉलनीत माळीकाम करायचे. लाइट असली की ट्यूबची चकाकी काचेवर पडायची आणि चेहऱ्याच्या जागी नुसता पांढरा पट्टा दिसायचा. म्हणून सरावाच्या वेळी मोबाइलला ते दिसले नव्हते. आता चकाकी गेली होती आणि दारातून येणाऱ्या उजेडात बाबा स्वच्छ दिसत होते.

उठायची सोय नव्हती, बोलायची नव्हती. मोबाइलला हात लावून तो जागचा हलवायची हिंमत होईना. मी हळूहळू गुडघ्यांवर उठले. त्यांचा चेहरा माझ्या डोक्याआड गेला. लाल पट्टी आली नाही. पण प्रश्न वाचायला जरा वाकले, की बाबा पुन्हा दिसायला लागायचे. म्हणून मान ताठ ठेवून, फक्त डोळे खाली करून वाचायचं आणि हात लांब करून उत्तरावर बोट टेकवायचं.

तेवढ्यात उंबऱ्यावर सावली पडली. पंखा बंद पडला म्हणून आई पुठ्ठा घेऊन वारा घालायला आली होती. अजून एक पाऊल, की ती कॅमेऱ्यात आली असती. मी कॅमेऱ्याला दिसणार नाही असा हात खाली धरून मागच्या फोटोकडे बोट केलं. म्हणायचं होतं, हा दिसतोय, तू तरी येऊ नकोस. आईनं फोटोकडे पाहिलं. पुठ्ठा काखेत धरला, चपला काढल्या आणि उंबऱ्याबाहेरूनच बाबांना हात जोडले. मग माझ्याकडे बघून मान हलवली, झालं म्हणून, आणि मागे सरकली.

पुढचे प्रश्न मी कसे सोडवले ते सांगता येत नाही. गुडघे बधिर झाले होते, मानेवरून घाम खाली उतरत होता, तो पुसायचीही भीती. पेपर जमा झाल्याचं दिसलं तेव्हा मी तिथेच आडवी झाले.

आई धावत आली. "काय झालं गं?"

"मोबाइलला बाबा दिसले."

"मग? हायतच ते तिथं."

मी तिला सगळं सांगितलं. शेवटचा पेपर दुसऱ्या दिवशी होता आणि लाइटचा भरवसा नव्हता. फोटो काढावा लागणार होता. बाबा गेल्यापासून तो जागचा हलला नव्हता. घराला रंग दिला तेव्हाही आईनं त्याच्या कडेकडेनं ब्रश फिरवला होता.

"भिंतीकडं तोंड करून ठेवू?" मी विचारलं.

"नाय."

"मग पेटीत?"

"पेटीत कोंडतीस व्हय बापाला?"

सकाळी तिनंच स्टुलावर चढून फोटो उतरवला. मागे भिंतीवर जुन्या रंगाचा चौकोन उघडा पडला. तिनं पदरानं काच पुसली आणि फोटो घेऊन ती ओट्यावर जाऊन बसली. पेपर सुरू झाला. थोड्या वेळानं लाइट गेली. मी पडद्याकडे बघत राहिले. पट्टी आली नाही.

बाहेर काकूचा आवाज आला. "अगं, यांना मांडीवर घिऊन हितं काय बसलीस?"

"हळू बोल की. आत पेपर चाललाय."

"मंग यांना का भाईर काढलंस?"

आईचा आवाज जेमतेम ऐकू आला. "आत एकालाच बसू देत्यात."

मी डोळे वर केले नाहीत. पुढच्या उत्तरावर बोट टेकवलं.