टेलेक्सवरचा मॅजिक वर्ड

मॅजिक वर्ड शोधायला आमच्या वर्क्स मॅनेजरांनी परचेसचं आख्खं कपाट जमिनीवर रिकामं करायला लावलं, तेव्हा माझं प्रोबेशन संपायला अकरा दिवस उरले होते.

फायलींच्या ढिगाऱ्यात परचेस ऑफिसर कारखानीस मांडी घालून बसले होते. चष्मा कपाळावर आणि तोंडात पेन्सिल. चाळीस पानांचं ॲग्रीमेंट ते ओळ न् ओळ वाचत होते.

"मॅजिक कुठेच नाही साहेब. मॅग्नेट आहे, मॅग्नेशियम आहे."

"नीट बघा कारखानीस. इंग्रज लोक महत्त्वाचं नेहमी बारीक अक्षरात लिहितात," वर्क्स मॅनेजर देवस्थळीसाहेब म्हणाले.

मी टेलेक्सच्या खोलीच्या दारात उभी होते. मागे मशीन घुं घुं करत होतं आणि इंग्लंडमधली एक बाई लाइनवर आमची वाट बघत थांबली होती.

आता मुळापासून सांगते. ऐंशीच्या दशकाची सुरुवात. तुर्भ्याला, ठाणे-बेलापूर रोडवर, कापडाचे रंग बनवणारी आमची कंपनी. मी मूळची चिपळूणची, वाशीला मावशीकडे राहायची. नोकरी टेलेक्स ऑपरेटरची. टेलेक्स म्हणजे तारेला जोडलेला टाइपरायटर समजा. मी तुर्भ्यात टाइप केलं की त्याच क्षणी इंग्लंडमध्ये तसलंच मशीन तेच कागदावर उठवणार. सगळी अक्षरं कॅपिटल. आवाज नाही, चेहरा नाही, हसू नाही. तुम्ही रागावलात की लाजलात, पलीकडे सगळं एकाच ठोक्याने उमटणार.

प्रोबेशन सहा महिन्यांचं होतं. आमच्या अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, पत्रात स्वच्छ लिहिलं होतं: 'परमनंट झालीस तर राहा. नाही झालीस तर माघात निघून ये. स्थळ आले आहे. मुलाची आंब्याची कलमे आहेत. स्वभाव शांत.' मुलगा मी लहानपणी पाहिला होता. स्वभाव शांत होता कारण तो सारखा झोपलेला असायचा. मला परमनंट व्हायचंच होतं.

आणि नेमकं तेव्हाच सील गेलं.

आमच्याकडे रंग शिजवायचं एक भलंमोठं बंद पातेलं होतं, त्याला रिॲक्टर म्हणायचे. आत घुसळायला रवी. रवीचा दांडा झाकणातून आत जातो. दांडा फिरणार, झाकण फिरणार नाही, मग मधल्या फटीतून माल बाहेर येणारच. तो येऊ नये म्हणून तिथे जी कडी बसवतात ती मेकॅनिकल सील. ती इंग्लंडहून यायची. आमची कडी गेली तीही गुलाबी रंगाच्या बॅचला. पहिल्या पाळीतले आठ जण डोक्यापासून चपलांपर्यंत गुलाबी होऊन बाहेर आले. दिघ्याला राहणारे आमचे एक ऑपरेटर तसेच घरी गेले. बायकोने दार उघडलं आणि विचारलं, "जानेवारीत कोणाबरोबर खेळलात रंगपंचमी?" तीन दिवस ते जेवायला कँटीनलाच होते.

रिॲक्टर बंद ठेवावा लागला. साहेबांनी मला बोलावलं.

"मिस सावंत, टेलेक्स पाठवा. सील ताबडतोब पाठवा म्हणावं."

मी मसुदा केला. दादरच्या क्लासमध्ये शिकवलं होतं तसं सुरुवातीला पीएलएस टाकलं. साहेबांची लाल पेन्सिल थांबली.

"हे पीएलएस काय आहे?"

"प्लीज, सर. शॉर्टमध्ये."

"आपण गिऱ्हाईक आहोत की याचक?"

"गिऱ्हाईक, सर."

"मग प्लीज कशाला? दीडशे वर्षं केलं ना प्लीज प्लीज? पुरे आता." आणि पीएलएसवर अशी काही रेघ मारली की कागद फाटला.

त्या आठवड्यात सहा टेलेक्स गेले. सील ताबडतोब पाठवा. आजच उत्तर द्या. सील का पाठवलं नाही? कारण कळवा. सगळ्यांतून साहेब स्वतः प्लीज वेचून काढत होते, तांदळातले खडे काढावेत तसे. पलीकडून एकच उत्तर यायचं, 'नोटेड'. म्हणजे नोंद घेतली. पुढे ठणठण गोपाळ.

"मिस सावंत, तुमच्या टेलेक्सला वजनच नाही," सहाव्या दिवशी साहेब म्हणाले. "या महिन्यात सील आलं नाही तर तुमच्या परमनंटचं मला बघावं लागेल." अहो, मसुदा तुमचा, सही तुमची, आणि वजन माझं कमी? पण हे मी मनात म्हटलं. प्रोबेशनवरच्या माणसाने मनातच म्हणायचं असतं.

सातव्या दिवशी दुपारी अडीचला, म्हणजे तिकडे ऑफिस उघडतं तेव्हा, मी सातवा टेलेक्स सोडला. संपतोय न संपतोय तोच मशीन आपणहून खडखडू लागलं. पलीकडची ऑपरेटर थेट लाइनवर आली होती. मॉरीन तिचं नाव. तिने टाइप केलं: 'हॅलो बॉम्बे, मॉरीन हिअर. व्हॉट इज द मॅजिक वर्ड, लव्ह?'

मी कागद फाडून साहेबांकडे धावले.

साहेबांनी तो दोनदा वाचला. "हे लव्ह कोणाला?"

कारखानीस हळूच म्हणाले, "सही तुमची जाते साहेब."

साहेबांनी टाय सरळ केला. तिकडच्या बायका कोणालाही सहज लव्ह म्हणतात, हे आम्हाला पुष्कळ नंतर कळलं. मग एकदम कामाला लागले. "मॅजिक वर्ड म्हणजे कोड. माल सोडायचा कोड असणार. आपल्याला कोणीतरी दिला असेल आणि आपण हरवलाय!" झालं. कपाट रिकामं झालं ते असं.

ॲग्रीमेंटमध्ये काही मिळेना तेव्हा सिक्युरिटीच्या पवारांना बोलावणं गेलं. पवार मिलिटरीतून रिटायर झालेले. ते आले आणि खाडकन सॅल्यूट ठोकून म्हणाले, "पासवर्ड आहे सर. संत्री हॉल्ट म्हणतो, आपण पासवर्ड सांगायचा. नाही सांगितला तर गोळी."

"ती टेलेक्सवरून गोळी कशी घालेल?"

"सील देणार नाही. एकच गोष्ट सर."

यावर मात्र सगळे गंभीर झाले.

मी लाइनवर परत गेले आणि 'वन मोमेंट' टाइप केलं. मागून सूचना सुरू झाल्या. पहिल्यांदा मी ऑर्डर नंबर टाइप केला. मॉरीन म्हणाली, 'नो, ट्राय अगेन लव्ह.' सीलचा पार्ट नंबर टाकला. 'नो.' साहेबांनी आमच्या चेअरमनचं पूर्ण नाव वडिलांच्या नावासकट टाकायला लावलं. मग, 'गुडनेस, नो.' पवार म्हणाले, जयहिंद टाकून बघा. टाकलं. 'व्हेरी नाइस बट नो.' शेवटी कारखानीसांचा धीर सुटला. ते म्हणाले, "जादूचाच शब्द पाहिजे ना तिला? टाका आबरा का डाबरा!" मी तेही टाकलं. देवाशपथ टाकलं. पोट जाळायचं म्हणजे काय काय करावं लागतं!

'गेटिंग वॉर्मर,' मॉरीन म्हणाली.

"वॉर्मर? तापत चालली वाटतं," साहेब घाबरून म्हणाले. 'जवळ आलात' असा त्याचा अर्थ आम्हाला कुठे ठाऊक! "आता काही पाठवू नका. माझ्या परवानगीशिवाय एक अक्षर जाता कामा नये. मी हेड ऑफिसला फोन लावतो." सगळी वरात त्यांच्या केबिनकडे गेली.

मी एकटी राहिले आणि मला रडू फुटलं. आंब्याची कलमं डोळ्यांसमोर आली. त्यांच्या सावलीत तो घोरत पडलेला.

"काय झाला गो पोरी?"

लक्ष्मीबाई. आमच्या ऑफिसचा झाडू-चहा बघणाऱ्या. जवळच्याच सारसोळे गावच्या, साठीच्या घरातल्या. हातात चहाचा ट्रे. मी डोळे पुसत सांगितलं, इंग्लंडची बाई मॅजिक वर्ड विचारतेय आणि तो कोणालाच माहीत नाही.

लक्ष्मीबाईंनी ट्रे ठेवला आणि त्या कमरेवर हात देऊन माझ्याकडे बघत राहिल्या.

"यासाठी यवरा रान उठवलाय? अगो, प्लीज बोल तिला."

"काय?"

"प्लीज. मी कुलाब्याला आया व्हते, कंपनीच्या गोऱ्या सायबाकडं. धा वरसं. त्यांची पोरं बिस्कूट मागाची, 'गिव्ह मी'. की मेमसायब बिस्कूट वर धरून इचाराची, वॉट इज द म्याजिक वर्ड? पोरगा प्लीज बोलला की बिस्कूट मिलाचा. नाय बोलला तर रडू दे, नाय मिलाचा."

मी मशीनकडे बघत राहिले. सात टेलेक्स डोळ्यांपुढून गेले. सगळेच 'गिव्ह मी'.

तेवढ्यात साहेब परत आले. हेड ऑफिसचा फोन एंगेज होता. मी सांगितलं. ते लक्ष्मीबाईंकडे वळले. "म्हणजे मी भीक मागू तिच्याकडे?"

"भीक कशाची सायब? मेमसायब मना पन प्लीज बोलाची. लक्ष्मी, प्लीज फरशी पूस. लक्ष्मी, प्लीज बाबाला आंघोल घाल."

"मालकीण? नोकराला?"

"व्हय. काम काय कमी सांगाची? कंबर मोडाची माझी. पन प्लीज बोलून मोडाची."

साहेब विचारात पडले. "मी जरा चेअरमनना विचारतो," म्हणाले आणि पाठमोरे झाले. ते चेअरमनना विचारणार, चेअरमन बोर्डाला विचारणार, आणि माझा माघ उजाडणार! मी खुर्चीत बसले. परवानगी गेली खड्ड्यात. शॉर्टमधलं पीएलएस नाही, सहाच्या सहा अक्षरं एकेक करून दाबली. प्लीज.

साहेब ठोका ऐकून गर्रकन वळले. "मिस सावंत! काय पाठवलंत?"

मी उत्तर द्यायच्या आत मशीननेच दिलं. 'देअर. दॅट डिडंट हर्ट, डिड इट? सील पॅक्ड सिन्स मंडे. गोइंग ऑन टुनाइट्स फ्लाइट. टेक केअर, लव्ह.'

सील सोमवारपासून खोक्यात घालून तयार होतं. सगळं होतं, फक्त एक शब्द यायचा राहिला होता, म्हणून मॉरीनबाईंनी खोकं टेबलाखाली ठेवलं होतं.

साहेब कागदाकडे बघत बसले. "दुखलं तर नाही ना, म्हणते," ते पुटपुटले. मग म्हणाले, "लक्ष्मीबाई, चहा."

लक्ष्मीबाई ट्रे हातात घेऊन तशाच उभ्या. कप पुढे येईना. साहेबांनी वर पाहिलं. लक्ष्मीबाईंनी भुवई उडवली.

"प्लीज," साहेब म्हणाले. कप टेबलावर आला.

सील पाच दिवसांत आलं, बसलं, रिॲक्टर फिरला. दिघ्याचे ऑपरेटर पांढऱ्याफेक शर्टात घरी गेले. साहेबांचा मात्र एखादी गोष्ट पटली की ती सोडायची नाही असा स्वभाव. त्यांनी सर्क्युलर काढलं: सर्व पत्रव्यवहारात प्लीज वापरावे. मग काय विचारता! जिन्यात पाटी लागली, 'प्लीज थुंकू नका'. उशिरा येणाऱ्यांना मेमो गेला, 'तुम्हाला कामावरून का काढू नये, प्लीज कळवा'. गेटवर पवार ट्रकसमोर हात आडवा करून ओरडायचे, "प्लीज हॉल्ट! गाडी मागे घे प्लीज, नाहीतर टायर फाडीन!" महिनाभर आम्ही लखनौला कामाला असल्यासारखे वागत होतो.

नंतर मी पुष्कळ विचार केला. आम्ही काही उद्धट माणसं नव्हतो हो. मराठीत प्लीज कोण म्हणतं? 'कृपया' तर फक्त सरकारी पाटीवर. आपण म्हणतो, 'जरा देता का', 'तेवढं बघा ना', 'द्या हो'. आपलं प्लीज त्या 'जरा'त आणि 'ना'मध्ये असतं, आवाजाच्या हेलात असतं. साहेबांनी मला टेलेक्स सांगतानाही कधी कधी 'पाठवा ना' म्हटलं असेल. पण इंग्रजीत जाताना तो 'ना' तुर्भ्यातच राहायचा, आणि इंग्लंडमध्ये नुसता दंडुका पोचायचा.

प्रोबेशन संपायच्या आदल्या दिवशी मी अर्ज टाइप केला, 'प्लीज कन्फर्म मी इन सर्व्हिस.' साहेबांनी वाचायला घेतला आणि सवयीने लाल पेन्सिल चालली. प्लीजवर सरळ रेघ! लक्ष्मीबाई कप उचलायला आल्या होत्या. त्या नुसत्या खाकरल्या.

साहेब दचकले. लाल पेन्सिल खोडरबरने जाता जाईना, नुसती पसरली. शेवटी त्यांनी वरच्या मोकळ्या जागेत स्वतःच्या हाताने कॅपिटलमध्ये प्लीज लिहिलं, खाली 'कन्फर्म्ड' लिहिलं आणि सही केली. तो गुलाबी डागाचा कागद अजून माझ्याकडे आहे. माझ्या नोकरीच्या अर्जात माझ्यासाठी प्लीज साहेबांनी म्हटलंय.

त्या संध्याकाळी मी अण्णांना पत्र लिहिलं. आमच्या घरात वडिलांना कोणी प्लीज म्हटल्याचं ऐकिवात नव्हतं. मी लिहिलं: 'परमनंट झाले. माघात येत नाही. स्थळाला नाही कळवा. प्लीज.'

आठ दिवसांनी कार्ड आलं. अण्णा एरवी कार्डाच्या कडेकडेनेसुद्धा लिहायचे. यावेळी एकच शब्द होता: 'कळवले.'

"प्लीज नसतं घातलंस," मावशी म्हणाली, "तर अण्णा स्वतः आले असते, मुलाला घेऊन."